दत्तूभाऊंनी हलवलेला सेन्सर

दुसरा सेन्सर काही सापडत नव्हता. पाऊण तास मी व्हॅनखाली उताणा पडून होतो. डोळ्यांत गंजाचा चुरा जात होता.

व्हॅन कोळवणच्या सुरेखाताईंची. जुनी, पेट्रोलची, आठ सीटर. लवळ्याला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या बायकांची ने-आण त्या रोज हिच्यातून करतात. माझं गॅरेज कासार आंबोलीला, म्हणजे त्यांच्या वाटेवरच. पण आजवर त्यांना माझी गरज पडली नव्हती. गाडी चालवणं आणि दुरुस्ती, दोन्ही त्यांचे यजमान दत्तूभाऊ करायचे. दीड वर्षापूर्वी दत्तूभाऊंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, बोलणं गेलं. महिनाभर रडून झाल्यावर सुरेखाताई ड्रायव्हिंग शिकल्या.

त्या दिवशी शनिवार होता. गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा सारखा पेटत होता आणि सोमवारी आरटीओत पासिंग होतं.

"दुसऱ्या ग्यारेजात दोनदा सेन्सर बदललाय, मेस्त्री," त्या म्हणाल्या. "चार दिस गेले की दिवा पुन्ना हाय तसा."

स्कॅनर लावला. दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरला करंट नीट पोचत नाही, असं तो सांगत होता. हे थोडं समजावून सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, ते हा सेन्सर मोजतो. दिसायला स्पार्क प्लगसारखा, फक्त मागे वायरींची शेपटी. या गाडीत असे दोन. पहिला इंजिनाजवळ. त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. पुढे पाइपात धूर साफ करणारा डबा लागतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. दुसरा सेन्सर त्या डब्यानंतर. डबा काम करतोय की नाही, यावर त्याची नजर. सेन्सर लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात एक बारका हीटर असतो.

आधीच्या मेकॅनिकने दोन्ही वेळा पहिलाच सेन्सर बदलला होता. मनात त्याला नावं ठेवत मी खाली शिरलो आणि डब्यानंतर पाहिलं. पाइप सपाट. सेन्सर नाही, त्याचं भोकही नाही. कुणी काढून टाकला म्हणावं, तर स्कॅनरवर त्याचं रीडिंग अधूनमधून हलत होतं. वायर धरून माग काढला, तर ती चासीच्या पोकळ दांड्यात शिरून गायब.

बाहेर येऊन हात पुसले. "ताई, सगळा एक्झॉस्टचा पाइप उतरवावा लागेल. नटबोल्ट गंजलेत, तुटणार. दोन दिवस तरी जातील."

"मंग सोमवार गेलाच." त्यांनी व्हॅनकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या. एक गिऱ्हाईक मागं लागलंय. इकूनच टाकते."

दत्तूभाऊ बाहेर खुर्चीवर बसले होते. मी गाडीखाली असताना दोन-तीनदा त्यांचा आवाज आला होता. चहा हवा असेल, असं समजून मी लहान मुलाशी बोलतात तसं मोठ्यानं "हां भाऊ, झालंच" म्हणालो होतो. आता त्यांनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा आपटायला सुरुवात केली.

सुरेखाताई वळल्या. "ह्यांना कायतरी सांगायचंय, मेस्त्री. असं कधी करत न्हाईत."

मी जवळ गेलो. त्यांनी माझ्या खिशातल्या खडूकडे बोट केलं. टायरवर खुणा करायचा खडू. तो दिला आणि खुर्ची पुढे ओढली. वाकून त्यांनी कोब्यावर रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. त्यांनी ती पायानं पुसली, पुन्हा ओढली. रेघेवर एक चौकोन काढला. चौकोनानंतर रेघेच्या वरच्या अंगाला फुली मारली. मग बोट आभाळाकडे.

"वर?" मी विचारलं. "सेन्सर पाइपाच्या डोक्यावर बसवलाय?"

त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

"तो पाइप कुजला व्हता," सुरेखाताईंना आठवलं. "ह्यांनी दुसऱ्या कुठल्या गाडीचा आणून जोडला व्हता. मी टॉर्च धरली व्हती तवा."

पुन्हा खाली गेलो. पाइप आणि फ्लोअरच्या मधे उष्णता अडवणारा पत्रा होता. त्याच्यावरून बोटं आत सरकवली. सेन्सर हाताला लागला. पाइपाच्या बरोबर डोक्यावर, खालून कुणाला दिसणार नाही असा. दांड्यातून वायर जिथे बाहेर येत होती, तिथे धारेवर घासून तिची तार उघडी पडली होती. खड्डा आला की ती चासीला टेकून शॉर्ट व्हायची. सेन्सर चांगला होता.

वायर जोडली, जाड स्लीव्ह घातली, धारेवर रबर बसवलं, हीटरचा जळालेला फ्यूज बदलला. स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसून पौडपर्यंत चक्कर मारून आलो. दत्तूभाऊ शेजारी बसले होते. खड्डा आला की ते डॅशबोर्डकडे बघायचे, मीही बघायचो. दिवा लागला नाही.

परत आलो तेव्हा सुरेखाताई कोब्यावरच्या चित्राजवळच उभ्या होत्या.

"मला वाटलं, ह्ये गाडीचं समदं इसरले असतील," त्या हळू म्हणाल्या. "म्हनून कधी इचारलंच न्हाई. उगा जिवाला लागंल म्हनून."

दत्तूभाऊंनी डाव्या हातानं त्यांच्या पदराचं टोक धरलं आणि गाडीकडे ओढलं. घरी जायची वेळ झाली होती.

सोमवारी पासिंग झालं. व्हॅन विकली नाही. सर्व्हिसिंगला सुरेखाताई त्यांना घेऊनच येतात. ते पान्याचे नंबर बोटांनी दाखवतात, आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. अडलो तर दुसऱ्या गाड्यांचंही मी त्यांना विचारतो.

एक सवय लागली. जुनी गाडी आली की खाली शिरण्याआधी विचारतो, हिच्यावर आधी कुणी काम केलंय? तो माणूस जवळपास असेल तर त्यालाच गाठतो. त्याला सांगायला वेळ लागला, तरी एक्झॉस्ट उतरवण्यापेक्षा कमीच लागतो.