पेटीवरचा टॅबलेट

रविवारच्या उपासनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत होते, आणि तेवढ्यात एक बाई हिंदीत मोठ्याने म्हणाली की रमी खेळा आणि घरबसल्या लखपती व्हा. बाई कुठे दिसत नव्हती. आवाज माझ्या आईच्या पेटीवरून येत होता, तिथे गाण्यांसाठी ठेवलेल्या टॅबलेटमधून. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. आईने टॅबलेट पालथा घातला, पण बाई काही गप्प बसेना. शेवटी मी उठून गेले आणि बटण दाबून तिला बंद केलं.

आमचं गाव मिरजगावपासून थोडं आत आहे. आई नर्स होती, मिशनच्या दवाखान्यात तिची सगळी नोकरी झाली, म्हणून गाव अजून तिला सिस्टरबाई म्हणतं. चर्चमधली पेटी ती माझ्या जन्माच्या आधीपासून वाजवते. गाणंही तीच सांगते, म्हणजे ओळ आधी ती म्हणणार आणि तिच्यामागून सगळे. एवढ्या वर्षांत तिचा सूर चुकलेला मला आठवत नाही. तिच्या मते तिचं बाकीही कधी काही चुकलेलं नाही. आईला 'चुकलं' म्हणायला लावणं आमच्या घरात कुणालाच जमलेलं नाही, आणि मी तिच्याच पोटची.

त्या रविवारी घरी आल्यावर तिने चहासुद्धा घेतला नाही. पदराने चष्मा पुसत म्हणाली, "हंगामाच्या सनाला दुसऱ्या कुनाला तरी बसवा पेटीवर. माजं झालं आता."

हंगामाचा सण म्हणजे आमच्याकडची मोठी उपासना. पीक घरात आलं की जो तो आपल्या रानातलं काहीतरी घेऊन चर्चमध्ये येतो. कुणी बाजरी, कुणी भोपळा, कुणी एखादी कोंबडी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या दिवशी आम्ही एक लांबलचक गाणं म्हणतो. ते कुठल्या पुस्तकात नाही, आमच्या गावचंच आहे. दर वर्षी त्याला एक नवं कडवं जोडायचं, त्या साली रानाने काय दिलं आणि काय दिलं नाही त्याचं. हे कडवं सणाच्या सकाळी हातात पडतं, आणि आईने ते पेटीवर ठेवून तिथल्या तिथे चालीत बसवून म्हणायचं. हे दुसऱ्या कुणाला जमत नाही. जमत असेल तरी मला ते ऐकायचं नव्हतं.

टॅबलेट पुण्याच्या भावाने पाठवलेला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, त्यात काय एवढं, मी दुसरा पाठवतो, भारीतला." मी विचारलं, त्यात असलं काही वाजणार नाही याची खात्री देतोस का. तो म्हणाला, "अगं, थोडंफार सगळ्यातच असतं. सवय करून घ्यायची." माझ्या डोक्यात तिडीक गेली. वस्तू आपली, घर आपलं, चर्च आपलं, आणि त्यात कुणी कधी ओरडायचं ते परका ठरवणार. मी फोन ठेवला आणि ठरवलं की आईचा टॅबलेट मी निवडणार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. शाळेतला जुना संगणक कंपनीने वाऱ्यावर सोडला होता, तेव्हा त्यावर मीच ओपन सोर्स सिस्टीम टाकली होती आणि तो अजून चालतो. ओपन सोर्स म्हणजे जिचं काही झाकलेलं नसतं अशी सिस्टीम. ती कशी लिहिली आहे ते कुणीही वाचावं, हवं तसं बदलावं, पुढे द्यावं. नको ते काढून टाकायला तिथे कुणाची परवानगी लागत नाही. मग टॅबलेटवर तीच का नाही, एवढाच माझा प्रश्न होता.

उत्तर मात्र सोपं निघालं नाही. संगणकावर अशी सिस्टीम बहुधा चालून जाते, टॅबलेटचं तसं नसतं. प्रत्येक टॅबलेटचा आतला संसार वेगळा, त्यामुळे कुणीतरी हौशी माणसाने त्याच टॅबलेटसाठी ती बसवून दिलेली असेल तरच चालते. म्हणजे सगळं उलट्या बाजूने करायचं. आधी सिस्टीम ठरवायची, मग ती ज्यांच्यावर चालते त्यांची यादी बघायची, मग त्या यादीतला टॅबलेट शोधत हिंडायचं. मी एका उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर आईला काय लागतं तेही लिहून काढलं. पडदा गाण्याच्या पुस्तकाच्या पानाएवढा हवा. भाता मारताना पेटी हलते, तेव्हा घसरू नये एवढं वजन हवं. उपासना लांबली तरी बॅटरी टिकायला हवी. यादीतून शेवटी दोनच टॅबलेट उरले, आणि दोन्ही कंपन्यांनी बनवायचे बंद केलेले.

शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीने नगरला गेले. पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने माझा कागद वाचला आणि दुसराच टॅबलेट पुढे सरकवला. "मॅडम, तो आता कोणी विचारत पण नाही. हा बघा, नवीन आलाय."

मी विचारलं, "याचं कुलूप उघडतं का?"

"कसलं कुलूप?"

मी त्याला सांगितलं की कंपनी आपल्या सिस्टीमला आतून कुलूप घालते, दुसरी सिस्टीम बसू नये म्हणून. काही कंपन्या किल्ली देतात, काही देत नाहीत. त्याने मालकाला हाक मारली. मालकाने माझ्याकडे, माझ्या पिशवीकडे आणि माझ्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, इतकी वर्षं धंदा करतोय, पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दुकानात मात्र यादीतला एक निघाला, मागच्या फळीवर पडून राहिलेला. नाव जुळलं. मी तो मिरवत घरी आणला.

त्याच्यावर सिस्टीम बसेना. दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी टॅबलेट पालथा करून पाहिलं, तर पाठीवरच्या बारीक नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळं. नाव तेच, पण हा सिमकार्ड घालायचा, आणि यादीतला बिनसिमचा. पोरांना उदाहरण दोनदा वाचा म्हणून वर्गात ओरडणारी बाई मी, आणि मला एक अक्षर वाचता आलं नव्हतं. दुकानदाराने तो कुरकुर न करता परत घेतला. चूक माझी हे मी त्याच्यापुढे कबूल केलं. आईला सांगितलं की रंग आवडला नाही.

खरा टॅबलेट भिंगारला मिळाला. तिथे लष्करी वसाहतीत बदल्या निघाल्या की घरातल्या वस्तू विकायला काढतात. एका जवानाची बायको ट्रंका भरत होती आणि तिला हा टॅबलेट सोबत न्यायचा नव्हता. मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग बरोबर नेलं होतं. तिच्या दारात उन्हाकडे पाठ करून मी तो नंबर तीनदा वाचला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. ती हसून म्हणाली, "दीदी, सोना खरीद रही हो क्या?" मी म्हटलं, तसंच समजा.

सुट्टीच्या दुपारी जेवणं झाल्यावर मी बैठक मारली. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती, बघायचं नाही असं दाखवत. मधे एकदा पडदा पार काळा झाला आणि किती तरी वेळ तसाच राहिला. मग त्या काळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या, आणि नवी सिस्टीम उघडली. कुणाला सांगावं असं शेजारी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी आईलाच म्हटलं, "झालं बघ."

मग एकेक वस्तू काढत गेले. दुकान काढलं, बातम्या काढल्या, सूचनांच्या घंट्या काढल्या. पडद्यावर फक्त 'गाणी' असं लिहिलेला एक चौकोन ठेवला. आईच्या वह्यांतली सगळी गाणी मी टाइप करून त्यात घातली होती. आईने शेंगा बाजूला ठेवल्या.

"ही सिस्टीम म्हंजी कुनी केली म्हनायची?"

"जगभरातल्या लोकांनी मिळून केली."

"पगार मिळतो त्यास्नी?"

"काहींना मिळतो, बऱ्याच जणांना नाही."

"मंग कशापायी करत्यात?"

"तू पेटी कशापायी वाजवतेस?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पुन्हा शेंगा पुढे ओढल्या. "म्हंजी चाल त्येंची आन् कडवं आपलं. असं व्हय," ती म्हणाली. मी भावाला नंतर पुन्हा फोन करून तासभर जे समजावलं होतं ते तिने एका वाक्यात आटपलं, आणि वर मलाच म्हणाली की शेंगा सोलायला हात लाव.

संध्याकाळी मी तिच्यापुढे एक जुनं गाणं उघडून ठेवलं. दिसतंय का, विचारलं. "दिसतंय की. झ्याक दिसतंय." तिने पेटी ओढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ते गाणं म्हटलं, एका जागी अडली नाही. सणाला बसशील ना, असं विचारल्यावर "बगू" म्हणाली. आईचं 'बघू' म्हणजे हो. मी पाळकसाहेबांना सांगून टाकलं की सिस्टरबाई बसणार.

सणाच्या दिवशी चर्चभर ओल्या मेथीचा वास होता. कडवं लिहिणारे काका वहीचा कागद घेऊन आले, आणि मी वेदीच्या पायरीवर बसून ते टॅबलेटमध्ये उतरवलं. यंदा कांदा पाण्यात गेला होता, त्यामुळे त्यांनी फार काही सजवलं नव्हतं.

गाणं सुरू झालं. जुनी कडवी आईने अशी म्हटली की तबलेवाल्याची मान डोलायला लागली. ती बोटाने पान पुढे सारायची, ओळ सांगायची, आणि मागून सगळं चर्च ती उचलायचं. मी पहिल्या बाकावर बायकांत उभी होते आणि माझी छाती फुगली होती. मग नवं कडवं आलं.

आईचा हात भात्यावर चालू राहिला, सूर चालू राहिले, पण शब्द आला नाही. ती पुढे वाकली. चष्मा सारखा केला, अजून वाकली. तबलेवाला ठेका धरून वाट बघत होता. सगळं चर्च वाट बघत होतं. मला वाटलं, टॅबलेट बंद पडला, आपली सगळी हुशारी आज चारचौघांत पाण्यात. मी धावत गेले. पडदा लख्ख होता, अक्षरं ठळक होती.

आई माझ्याकडे वळली. आवाज खाली न आणता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला दिसत न्हाई. मोठं कर."

मी अक्षर मोठं केलं.

"अजून."

केलं.

"अजून कर."

तेव्हा मला कळलं की घरी तिने पडद्याकडे बघितलंच नव्हतं. जुनी गाणी तिला पाठ होती, आणि ती पाठ होती म्हणून इतके दिवस कुणाला काही कळलं नव्हतं. रमीवाल्या बाईचा राग खरा होता, पण पेटी सोडायचं कारण ते नव्हतं. जुन्या टॅबलेटवर अक्षर ठरावीक मापाच्या पुढे जात नसे. या सिस्टीमला तसलं बंधन नव्हतं, मी दाबत गेले तसं ते वाढत गेलं, इतकं की पडद्यावर तीनच शब्द मावायला लागले. आईने हात वर केला. पुरे.

कांदा गेला पाण्यात, तिने म्हटलं. मी पान सारलं. बाजरी आली घरात. सारलं. दिलंस ते आणलंय. तीन तीन शब्दांनी गाणं पुढे सरकत होतं. तबलेवाल्याने ठेका संथ केला, मागची माणसंही संथ झाली, कुणीही घाई केली नाही. आयुष्यात कधी 'चुकलं' न म्हटलेली माझी आई सगळ्या गावापुढे दिसत नाही म्हणाली होती, आणि त्याच दमात गात होती. तिचा सूर तसूभर हलला नाही. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की तिच्या मागून ओळ उचलायचं मी विसरूनच गेले. मी नुसती पानं सारत राहिले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब पेटीजवळ आले. बाहेर लिलावाची हाकाहाक सुरू झाली होती. ते हळूच म्हणाले, "सिस्टरबाई, डोळ्यांचं आधी सांगायचं होतं. आम्ही काहीतरी सोय केली असती."

आईने पेटीचं झाकण लावलं. "सोय माज्या लेकीनं केली हाय," ती म्हणाली. "तुमी फकस्त फुडल्या साली कडवं आदल्या दिवशी द्या. तिला लिवायला लई येळ लागतो."