नुसतं चित्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि कदाचित — ते चित्र तुमच्याही घरात लागलेलं असेल.

मी लोअर परळच्या एका ऑफिसात काम करते. घरात लावायची चित्रं आम्ही छापून विकतो. त्यात माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग. वर एक, खाली एक, मधे धूसर कड. सोफ्याला मॅच झालं की झालं. आई विचारायची, ह्यात काढलंय काय? मी तिला हसायची.

लालबागला आमच्या चाळीत शेजारी सुमनकाकी राहायची. काका गिरणीतले. मी शाळेत असताना ते गेले. संध्याकाळी खाटेवर बसून ते भिंतीला डोकं टेकायचे, रोज, त्याच जागी. खोबरेलाने तिथे डोक्याएवढा काळपट डाग पडला होता. पुढे दर गणपतीला खोलीला रंग लागे, पण काकी रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला लावायची. खाली चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा, वर निळा, आणि निळ्यात ती जुनी जागा. हार घातलेला फोटोही होता, पण त्यात काका स्टुडिओत ताठ बसलेले. घरातले काका भिंतीवर होते. त्या खाटेवर आम्ही मुलं कधी बसलो नाही. बसू नका असं कुणी म्हटलेलं मात्र आठवत नाही.

चाळ पाडायची ठरली तेव्हा काकीने मला बोलावलं. तुझा मोबाईल चांगला आहे, भिंतीचा फोटो काढ, मोठा छापून दे, नव्या घरात लावीन, म्हणाली. मी काढला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या स्क्रीनवर उघडला आणि बघतच राहिले. आमच्या कुठल्याच चित्रात तसं काही नव्हतं. साहेबांना नवीन काहीतरी हवंच होतं — नाही, हे कारण नव्हे. मला मोह झाला. अडचण एकच होती. सरळ ठेवलं तर परळ-लालबागचं कुणीही म्हणालं असतं, ही तर खोलीची भिंत. म्हणून मी ते उलटं केलं. चॉकलेटी वर, निळा खाली. इंग्रजी नाव दिलं, ऑफिसच्या नोंदीत चित्रकार म्हणून माझं नाव घातलं.

काकीने फोटो मागितला तेव्हा सांगितलं, मोबाईल बिघडला, सगळं उडालं. तोवर भिंतही पडली होती. काकी फक्त बरं म्हणाली.

चित्र खूप खपलं. मग विचित्र निरोप यायला लागले. एकीने विचारलं, ह्याला तेलाचा वास येतो का? दुसरीने लिहिलं, चित्राखालच्या सोफ्यावर घरात कुणी बसत नाही, का ते कळत नाही. एकीची सासू त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची. ऑफिसात सगळे हसले. मीही हसले — चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय करणार? माझ्या टेबलामागे लावलेला नमुना मात्र मी कपाटात ठेवून दिला.

नव्या फ्लॅटच्या पूजेला काकीने बोलावलं. दारातच माझे पाय थांबले. सुनेने, रश्मीने, ते चित्र ऑनलाइन मागवून हॉलमध्ये लावलं होतं. त्या भाबडीला काय माहीत? काकी समोर खुर्चीत बसून एकटक बघत होती. मग रश्मीला शांतपणे म्हणाली, "अगो, हेंका उलटे कित्याक टांगलंस?"

मुलगा म्हणाला, आई, ह्यांना काय म्हणतेस, चित्र आहे ते. काकीने ऐकलं नाही. ती माझ्याकडे वळली. भिंतीचा फोटो तू काढला होतास, तू सांग, म्हणाली. सगळे माझ्याकडे बघत होते. एक शब्द पुरला असता. मी वेड पांघरून पेडगावला गेले.

"काकी, नुसतं चित्र आहे गं ते. कारखान्यात छापतात."

माझ्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "तू म्हणतंस तर नसात."

पुढच्या आठवड्यात मुलाने तिला डॉक्टरकडे नेलं. वयाने भ्रम होतो म्हणाले, गोळ्या दिल्या. काकी दिवसभर झोपायला लागली. जागी असली तरी स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास उरला नव्हता. भाताच्या ताटाकडे बघून विचारायची, हा भातच ना? मी भेटायला गेले की माझा हात चाचपायची — तू तीच ना गो? मी हो म्हणायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आत्ता सांगावं. किती वेळा गेले असेन? एकदाही सांगितलं नाही.

मागच्या वर्षी ती गेली. शेवटी शेवटी आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं मुलगा आल्यागेल्याला सांगत होता. मी तिथेच बसले होते. मीही होकारार्थी मान डोलावली.

तिचं डोकं ठिकाणावर होतं. भिंतीवर काकाच होते, उलटे, आणि त्यांना मी टांगलं होतं.