हिरव्या पट्टीवरची सूर्यफुलं

शाळेत नोकरीला होते तोवर गळ्यात निळी पट्टी असायची, तिला लटकलेलं ओळखपत्र. त्यावर माझं सगळं खरं लिहिलेलं होतं, फक्त मला फिट येते एवढं सोडून.

आईने ते लहानपणापासूनच दडवलं. सोयरीक जुळायची नाही म्हणून. सोयरीक तशीही जुळली नाही, पण दडवायची सवय अंगात मुरली. जळगाव जामोदला माझ्या गल्लीत आजही कुणाला माहीत नाही. गोळ्या मी डाळीच्या डब्यामागे ठेवते. एकटीच्या घरात कुणापासून, ते विचारू नका. कुठे पडले तर कुणाला काही कळायचं नाही, ही भीती मात्र रोजची.

मागच्या वर्षी परदेशातल्या भाचीने एक पट्टी पाठवली. हिरवी, तिच्यावर पिवळी सूर्यफुलं. तिकडे म्हणे वरून न दिसणारा आजार किंवा अपंगत्व असलं की ही गळ्यात घालतात, लोक ओळखून सांभाळून घेतात. "मावशी, तू घालच," ती फोनवर म्हणाली. घातली. पण मलकापूरच्या डॉक्टरांकडे जाताना, तीही बस गावाबाहेर पडल्यावर. ओळखीच्यांपुढे घालायची छाती नाही आणि अनोळखी लोकांना तिचा अर्थ ठाऊक नाही, अशी माझी अक्कल.

एकदा बसमध्ये शेजारी बसलेला शेतकरी बराच वेळ पट्टीकडे बघत होता. कळलं की काय याला! घाबरले आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

"म्याडम, बियान्याच्या कंपनीत हा का तुमी?" तो म्हणाला. "औंदा सूर्यफूल लावा म्हन्तो. वान कोनता चांगला?"

असं विचारणारा हा तिसरा. आधीच्या दोघांना मी चक्क सल्ला दिला होता. कुणी आपणहून बोलतंय, हेच मला पुष्कळ होतं. त्या दिवशी मात्र चिडले. "कंपनी नाही हो भाऊ. मले फिट येते, म्हणून घातली." साठी उलटल्यावर, परक्या माणसापुढे, आयुष्यात पहिल्यांदा.

तो सरकून बसेल असं वाटलं. सरकला नाही.

"मंग आली तं काय करा लागते?"

मी सांगितलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, आणि नाकाला चप्पल तर मुळीच लावायची नाही. तो मन लावून ऐकत होता. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग त्याने खिशातून मोबाइल काढला. "अन् घरी कोनाले फोन लावू? नंबर सांगा."

भाचीचा सांगणार होते, पण ती तिकडून येणार कशी? शेजारणीचा पाठ होता, पण तिला तर काहीच माहीत नाही. नांदुरा आलं. त्याला उतरायचं होतं, तरी तो मोबाइल हातात धरून उभाच.

"राहू द्या भाऊ," मी म्हटलं, "आज नाही येत फिट."