तीन बातम्या, एकच साक्षीदार

जडीबुटी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी जवळजवळ अटक केली होती. निवृत्तीनंतरही ती दुपार डोळ्यांसमोरून जात नाही.

धान कापणीचे दिवस होते. दवनीवाड्याकडच्या एका गावातून पोलीस पाटलाचा फोन आला, "साहेब, पोरं पळवणारा सापडला. लवकर या, लोकं ऐकून नाही राहिले." आम्ही पोचलो तेव्हा म्हाताऱ्याचा सदरा फाटलेला होता. त्याला गाडीत घालून ठाण्यात आणलं. मागोमाग शंभरेक लोक फाटकाशी येऊन उभे राहिले. मागणी एकच, गुन्हा दाखल करा.

पुरावा मोबाइलवर होता. शेजारच्या तालुक्यात काल मुलगी पळवताना पकडलेला इसम निसटला, अशी बातमी आणि सोबत फोटो. पांढरी दाढी, खांद्यावर झोळी, अगदी या म्हाताऱ्यासारखी. मी स्वतः तपासलं. एक नाही, तीन वेबसाइटवर तेच. त्या तालुक्याच्या ठाण्यात फोन केला. तिथला अंमलदार म्हणाला, "हो सर, आमच्याकडेही आली आहे ती बातमी." मी तो दुजोरा धरला. स्टेशन डायरीत 'तीन ठिकाणांहून खात्री' असं लिहिलंसुद्धा. घराण्यातला पहिला पदवीधर मी. छापलेलं वाचून समजतं, याचा मला अभिमान होता.

चौकशीत म्हातारा एकच सांगत होता. "काल मी चिचगडच्या बाजारात होतो साहेब. मी त मुळ्या विकून राहिलो, पोट्टे कायले पकडू?"

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो आणि अटकेचे कागद मागवले.

कागद आणणारी महिला शिपाई शेतकऱ्याघरची. टेबलावरच्या मोबाइलमधला फोटो बघून ती थांबली.

"सर, बातमी कालची आहे ना?"

"हो."

"मंग मागच्या बांधीत रोवणा काऊन चालू आहे?"

मी फोटो मोठा केला. माणसाच्या मागे बायका चिखलात वाकून धानाची रोपं लावत होत्या. रोवणा पावसाळ्याच्या सुरुवातीला होतो, आणि बाहेर तर सगळीकडे कापणी चालू! लहानपणी मी स्वतः रोवणा केलेला, पण फोटोत मी फक्त दाढी पाहिली होती.

कागद बाजूला ठेवले. चिचगडला माणूस पाठवला. बाजारातल्या दोन दुकानदारांनी म्हाताऱ्याला ओळखलं, तो आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच होता. सायबर सेलने सांगितलं, फोटो जुना आणि परराज्यातला. तिन्ही साइटवरचा मजकूर शब्दशः एकच, चुकांसकट. पहिली साइट गोंदियातली निघाली. चालवणाऱ्याला बोलावलं.

"खबर कुठून आणली?"

"सर, व्हाट्सअ‍ॅप पे आयी थी. बाद में और दो साइट पे भी दिखी, तो लगा सच है."

त्या दोन साइटनी ती त्याच्याकडूनच उचलली होती. मी त्याला फार रागावू शकलो नाही. डायरीत माझ्या अक्षरात वेगळं काय होतं?

त्याच्यावर रीतसर कारवाई झाली. डायरीतली माझी नोंद खोडता येत नाही, म्हणून मी तिच्याखाली दुसरी लिहिली. कोर्टात तीन साक्षीदारांनी एकाच माणसाकडून ऐकलेलं सांगितलं, तर आपण त्याला एक साक्षही म्हणत नाही. वेबसाइटला हा नियम लावायचं मला सुचलं नव्हतं. आता कुठलीही बातमी दिसली की आधी विचारतो, हे प्रत्यक्ष पाहिलं कोणी?

म्हाताऱ्याला गाडीने घरी पोचवण्याआधी मी माफी मागितली. तो झोळी सावरत म्हणाला, "बाजारात मले शंभर लोकायनं पाह्यलं होतं साहेब. तुम्ही मोबाइललेच विचारून राहिले होते."