माळ्यावरचा पाट

माणसाचं आयुष्य कुठून कुठपर्यंत मोजायचं?

मला माहीत नाही. आणि मोजणं हीच माझी नोकरी आहे. माणसांचं नाही, कॉम्प्युटरचं.

रुपेशला जाऊन आज वर्ष झालं.

ऑफिसात तो माझा सीनियर. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, पर्वरीच्या आयटी कन्सल्टिंग कंपनीत पहिल्या दिवशी घाबरून बसलेली. त्यानं खुर्ची ओढली आणि विचारलं, "पार्सेची ना गो तू? मग काजू खंय?"

काम त्यानंच शिकवलं.

क्लायंटनं नवे लॅपटॉप घ्यावेत की जुनेच चालवावेत, हे सांगताना नुसतं विजेचं बिल बघायचं नाही. धातू खाणीतून निघतो तिथून सुरुवात करायची. मशीन भंगारात गेल्यावरही थांबायचं नाही, पुढं त्याचं काय होतं तेही धरायचं.

तो डिचोलीचा. शिरगावच्या खाणींकडून येणारी लाल धूळ दोरीवरच्या कपड्यांवर बघत वाढलेला. खाण त्याला एक्सेलमध्ये शोधावी लागत नसे.

त्याच्या घरी गणपतीची चित्रशाळा. नागपंचमीच्या सुमारास माणसं आपापल्या घरचा लाकडी पाट तिथं आणून देतात, मागे आडनाव रंगवलेलं. त्या पाटावरच त्या घरचा गणपती घडतो. विसर्जनाला माती पाण्यात जाते, पाट घरी येतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच.

मागच्या वर्षी एका हॉटेलवाल्या क्लायंटला सगळे कॉम्प्युटर बदलायचे होते. रुपेशनं मीटिंगमध्ये सरळ पाटाचंच उदाहरण काढलं.

"गणपती दरवर्षी नवा येतो, साहेब. पाट तोच असतो. तुमची बॉडी, स्क्रीन सगळं धड आहे. आतलं तेवढं बदलूया."

सगळे हसले. टवाळी नव्हती, खरंच आवडलं होतं त्यांना.

मग त्यांच्या मॅनेजरनं साधा प्रश्न विचारला. "नेऊन द्यायचे कुणाकडे? आणि पुढच्या वर्षी तो माणूस तिथं असेल?"



रिपोर्टमधलं दुरुस्तीचं प्रकरण परिशिष्टात गेलं. नवे कॉम्प्युटर आले.

परतताना गाडीत काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, आमच्या गावचे मूर्तिकार थकले, त्यांनी काम बंद केलं. आम्ही आता म्हापशाच्या बाजारातून तयार गणपती आणतो. पाट माळ्यावर पडून आहे.

तो एकदम खुलला.

"चांगलो पाट माळ्यार? आणि तू लोकांक शिकयता? हाड गो आमच्याकडे."

पाट रुपेशकडे न्यायचं घरी सांगितलं. बाबा म्हणाले, डिचोलीहून पार्सेपर्यंत त्या खड्ड्यांतून गणपती आणायचा म्हणजे पोचेपर्यंत तो आपला आपणच नाचायला लागेल. आई हसली. मीही हसले.

रुपेशला म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की.

"बरां. पुढल्या वर्सा हाड. माती खंय पळून वता?"

श्रावणात, भर पावसात, बाईकवरून घरी जाताना तो गेला.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चित्रशाळेत अर्धे गणपती होते. सुतक आलेलं, चवथ तोंडावर. लोक आपापले पाट उचलून दुसऱ्या शाळेत पुरे करून घ्यायला नेत होते. कुणाच्या गणपतीला सोंड नव्हती, कुणाच्या हात. ओल्या फडक्यांत गुंडाळून, टेम्पोत, रिक्षेत.

कुणी वाईट वागलं नाही. एक बाई रडत होती आणि रडत रडतच पाट उचलत होती.

काका, म्हणजे रुपेशचे वडील, आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसले होते.

आमच्या एक्सेलमध्ये एक रकाना असतो. ही वस्तू पुन्हा किती वेळा वापरली जाईल? आम्ही तिथं आकडा टाकतो. पाट फणसाचा आहे, टिकेल, मग आकडा मोठा.

नुसतं टिकून होत नाही. कुणाला तरी ती वस्तू परत घेऊन यावं लागतं. कुणाला तरी दार उघडं ठेवून बसावं लागतं. तो मॅनेजर हेच तर विचारत होता.

हे रुपेशला सांगायचं होतं. त्यानं आधी वाद घातला असता, मग माझंच वाक्य पुढच्या मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून खपवलं असतं.

या वर्षी नागपंचमी होऊन गेली तरी शाळा बंदच. भेटायला गेले तर काका म्हणाले, "पाट एकदा दुसरीकडे गेलो की गेलो गो बाय. आता कोण हाडटलो?"



परवा माळ्यावर चढले. बाबांनी खालून पाट धरला. खड्ड्यांचा विषय त्यांनी काढला नाही. प्लॅस्टिकात गुंडाळला आणि स्कूटरवर निघालो. बाबा चालवत होते, मी मागे पाट धरून.

काकांनी तो हातात घेतला. उलटा केला. आमचं आडनाव वाचलं. पंच्यानं धूळ पुसली.

"पार्सेपर्यंत गणपती व्हरतलात कसो?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हळूहळू," बाबा म्हणाले.

काकांनी शाळेची कडी काढली. पाट भिंतीला टेकवून ठेवला. सध्या तिथं तो एकटाच आहे.

रुपेश, पाट दिला रे तुमच्याकडे.

एक वर्ष उशिरा दिला.