भिंतीवरचं मीठ

आमच्या कॉलनीत इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक राहतात. कसलाही विषय काढा, सर आफ्रिकेत पोचतात. नळाला पाणी आलं नाही की म्हणतात, "सहारा असाच आटला. माणसं उठली आणि नाईलच्या काठी गेली." द्वारका सर्कलला गाडी अडकली की म्हणतात, "यापेक्षा उंटांचे तांडे बरे. मीठ नेलं, सोनं आणलं, वर धर्मही पोचवला." मग चष्मा पुसतात.

शेजारच्या घरात त्यांचा धाकटा भाऊ राहतो. बोअरच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं बंद आहे. मधे कमरेएवढी भिंत आहे.

एकदा सर मला म्हणाले, "तिकडे आफ्रिकेत मुका व्यापार चालायचा. एकाने मीठ ठेवून लांब जायचं, दुसऱ्याने शेजारी सोनं ठेवायचं. पटलं तर उचलायचं, कमी वाटलं तर हात न लावता परत फिरायचं. बोलावं लागत नाही."

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी मिठाचा पुडा भिंतीवर ठेवला आणि आत येऊन माझ्याशेजारी खिडकीशी बसले. भाऊ बाहेर आला, पुड्याकडे बघितलं आणि दोन लिंबं ठेवून गेला. सर बाहेर जाऊन लिंबं पाहून आले.

"कमी आहे," म्हणाले.

थोड्या वेळाने भावाने लिंबांशेजारी चहाचे दोन कप आणून ठेवले. पण तो आत गेला नाही, तिथेच उभा राहिला.

"हे नियमात बसत नाही," सर म्हणाले, आणि चहा गार होईल म्हणून चपला शोधायला लागले.