बुडबुड्याला कुलूप

सोमवारी दुपारी बुडबुडे उडवणाऱ्या एका मुलीला कपाटात कोंडलं! आमच्या कलाशाळेतल्या जुन्या तांब्याच्या पत्र्यावर ती कोरलेली आहे, शेजारी विझत आलेली मेणबत्ती. आयुष्य म्हणजे बुडबुडा, हा चित्राचा अर्थ. या पत्र्यावरून कागदावर चित्र छापतात. दर छापाला पत्रा थोडा झिजतो, म्हणून प्राचार्यांनी कुलूप लावलं. क्षणभंगुरता जपून ठेवली म्हणे!

त्याआधी शनिवारी छपाई शिकवणाऱ्या शैलाताईंनी मला त्या पत्र्याचा छाप काढू दिला होता. कोरलेल्या रेघांत शाई भरली, वरची पुसली, यंत्राचं चाक फिरवलं, ओला कागद हळूच उचलला. बुडबुडा जेमतेम दिसत होता.

"ताई, हा फुटतोय!"

"फुटू दे की! बुडबुडाच आहे, नारळ नाही."

काळ्या हातांनी पोट धरून आम्ही हसलो. चित्रातल्या मुलीचे गाल मात्र टम्म फुगलेले. फुटला तर फुटला, ती दुसरा काढायला तयारच होती.

हा पत्रा छापाछापानं कुणाकुणाच्या भिंतीवर जाऊन झिजलाय. अशा झिजण्याचं कसलं दुःख? कपाटात तो झिजणार नाही, पण कुणाला दिसणारही नाही.

उद्या सकाळी कलाशाळेत या. प्राचार्यांकडे किल्ली मागा. आणि आपल्या हातांनी एक छाप काढून घरी न्या.